दोन्ही पुण्यालाच ना?

‘म्हणजे दोन्ही पुण्यालाच ना?’ वहिनींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या तव्यावरची भाकरी उलटायला आत गेल्या. भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली सकाळ. आषाढ संपत आलेला. रात्रीच्या वाऱ्यात कुठेतरी तार तुटली होती, त्यामुळे घरात लाईट नव्हती. वहिनींच्या सासूबाईंनी, म्हणजे आजींनी, पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हटल्या होत्या. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की आवाजाचं रेकॉर्डिंग फुकट जातं, म्हणून पुण्याहून चित्रण करायला आलेले आम्ही रात्रभर उघडिपीची वाट बघत पडून होतो. चारच्या सुमाराला पाऊस थांबला तेव्हा आजी आमच्या आधीच उठून, जातं पुसून, सुपात नाचणी घेऊन बसलेल्या होत्या. ते सगळं चित्रण आता 64 जीबीच्या एका कार्डात होतं आणि मी ओटीवर सतरंजी टाकून ते कार्ड खाली करत होते.

अशा जागी मी लॅपटॉप उघडत नाही. त्याला बॅटरी जास्त लागते, धूर आणि ओल त्याला सोसत नाही, आणि तो उघडला की घरातली माणसं त्याच्याकडेच बघत बसतात. माझ्याकडे तळहाताएवढी एक डबी आहे. एका कडेला कार्डाची खाच, वर बोटभर पडदा, आत डिस्क आणि बॅटरी. कार्ड आत सारलं की कॉपी सुरू. या डबीची बॅटरी पॉवर बँक म्हणूनही चालते. ते आमच्या कॅमेऱ्यावाल्या दादांनी सांगितलं असावं, कारण वहिनी मोबाईल आणि वायर हातात घेऊनच बाहेर आल्या. मोबाईल चार टक्क्यांवर आलेला. महाडला त्यांच्या नणंदेच्या लेकीचे दिवस भरले होते आणि केव्हाही फोन येणार होता. मी म्हटलं, ‘वहिनी, एवढं उतरेपर्यंत थांबाल का? मध्येच बॅटरी संपली तर आजींचं गाणं अर्धवट राहील.’ त्या काही न बोलता उंबऱ्याला टेकून बसल्या. मधूनमधून आत जाऊन भाकरी बघायच्या, परत यायच्या.

‘काय चाललंय आत?’

‘आजींचं गाणं कार्डातून या डबीत उतरतंय. मग डबीतून या दुसऱ्या डिस्कवर.’

‘दोनदा कशाला?’

‘एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून.’

‘आणि ती दोन कुठं राहणार?’

‘एक माझ्या बॅगेत, एक दादांच्या.’

मग तो प्रश्न आला. त्यात टोमणा अजिबात नव्हता. शेजारणीने दोन पेंढ्या एकाच गोठ्यात ठेवल्या तर आपण जसं विचारू, तसं त्यांनी विचारलं. पण मला तो लागला, कारण लोकेशनवर डेटा सांभाळणाऱ्या कुठल्याही माणसाने मला अगदी तेच विचारलं असतं. आमच्या कामात एक नियम सगळ्यांना पाठ असतो: प्रती तीन, दोन वेगळ्या तऱ्हेच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आमच्या दोन्ही प्रती एकाच जीपमधून, त्याच ओल्या रस्त्याने, एकाच शहरात जाणार होत्या. वहिनींनी डेटा हा शब्द न उच्चारता नियमाचं तिसरं कलम माझ्यासमोर ठेवलं होतं. आणि त्या पलीकडेही त्या काहीतरी विचारत होत्या, ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही.

या कामाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. मोठ्या सेटवर त्यासाठी वेगळा माणूस असतो, त्याला डीआयटी, म्हणजे डिजिटल इमेजिंग टेक्निशियन म्हणतात. त्याची गाडी असते, मॉनिटर असतात, यूपीएस असतो. आमच्यासारख्या तीन माणसांच्या युनिटमध्ये ‘डेटा कोण बघतंय?’ असं विचारतात आणि जे बघतं ते सगळ्यांच्या नंतर जेवतं. 4केमध्ये, सेकंदाला 100 मेगाबिट या दराने चित्रण केलं तर तासाला 45 जीबी भरतात. म्हणजे 64 जीबीचं कार्ड जवळपास दीड तासात भरतं. आमच्या साध्या एसडी कार्डातून माहिती बाहेर येण्याचा वेग सेकंदाला 90 एमबीच्या आसपास अडतो. डबीतली डिस्क कितीही वेगवान असली तरी कार्डाच्या पलीकडे ती धावू शकत नाही. बारा-तेरा मिनिटं उतरायला, पुन्हा तेवढीच पडताळायला, मग दुसऱ्या डिस्कवर, मग तिची पडताळणी. एका कार्डामागे पाऊण तास धरायचा. त्या पाऊण तासात तिथून उठायचं नाही, हा माझा नियम.

पडताळणीवर मी जीव टाकते. फाइल दुसरीकडे दिसली, तिचं नाव आणि आकार जुळला, एवढ्याने ती उतरली असं होत नाही. खरी पडताळणी म्हणजे चेकसम: फाइलमधला प्रत्येक बिट वाचून त्यातून एक आकडा काढायचा, मूळ फाइलचाही काढायचा आणि प्रतीचाही, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. अब्जावधी बिटांतला एक जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा साफ वेगळा येतो. पडद्यावर हिरवी खूण उमटली की माझ्या खांद्यातला ताण उतरतो. काही लोक घाईत पडताळणी बंद करून ठेवतात, अर्धा वेळ वाचतो म्हणतात. लग्नाच्या चित्रणातही हे करू नये असं माझं मत आहे, आणि आजींच्या ओव्यांसारख्या कामात तर मुळीच नाही. आजींना आम्ही दुसऱ्या दिवशी, कॅमेऱ्याचा कोन बदलावा म्हणून, आदल्या पहाटेची एक ओवी पुन्हा म्हणायला सांगितली होती. त्यांनी प्रयत्न केला, जातं दोन फेरे फिरलं, आणि वेगळीच ओवी आली. ‘काल ती आली, आज ही आली. मी कुठं ठरवून म्हणते?’ त्या म्हणाल्या.

जे एकदाच होतं, ते त्या कार्डात एकदाच असतं.

माझ्या आधीच्या पिढीच्या लोकांकडून मी फिल्मच्या दिवसांबद्दल खूप ऐकलं आहे. 400 फुटांचा 35 एमएमचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपायचा. कॅमेरा अटेंडंट काळ्या चेंज बॅगेत कोपरापर्यंत हात घालून, डोळ्यांनी काहीही न बघता, रोल काढून डब्यात भरायचा, डब्याला चिकटपट्टी गुंडाळायचा, त्यावर ‘एक्स्पोज्ड’ लिहायचा, आणि ते डबे कुणाच्या तरी हाती मुंबईच्या लॅबला रवाना व्हायचे. लोकेशनवर प्रत काढण्याचा प्रश्नच नव्हता. निगेटिव्ह एकच, आणि ते धुवून येईपर्यंत त्यात नक्की काय आहे हे कुणालाच ठाऊक नसायचं. टेपच्या काळात थोडं सुसह्य झालं. साठ मिनिटांची मिनी डीव्ही टेप भरली की काढायची, तिची लाल खिटी सरकवून ठेवायची म्हणजे वर काही रेकॉर्ड होणार नाही, लेबल लावायचं, बुटांच्या खोक्यात उभी करून ठेवायची. टेप हेच मूळ आणि टेप हीच साठवण. परत वापरायची वेळ सहसा यायची नाही.

कार्डं आली आणि हे सगळं उलटलं. 2005 च्या सुमाराला पॅनासॉनिकची पी-टू कार्डं असलेले कॅमेरे आपल्याकडे दिसू लागले तेव्हा 8 जीबीच्या कार्डावर त्यांचं एचडी चित्रण जेमतेम 8 मिनिटं मावायचं, आणि कार्डाची किंमत ऐकून निर्माते हबकायचे. त्यामुळे युनिटकडे मोजकी कार्डं असायची. एक भरलं की ते खाली करून पुन्हा कॅमेऱ्यात घालायला द्यावंच लागायचं, शूटिंग चालू असताना, उन्हात, गाडीच्या डिकीत. त्यासाठीच पॅनासॉनिकने 60 जीबीची डिस्क असलेली पी-टू स्टोअर नावाची पेटी काढली होती: कार्ड घाला, बटण दाबा, पेटी उतरवून घेईल. आजच्या माझ्या डबीची ती थोरली बहीण. पहिल्यांदाच असं झालं की चित्रीकरणाच्या जागीच मूळ पुसायचं आणि प्रतीवर विश्वास ठेवायचा. नेगेटिव्ह सांभाळत आलेल्या जुन्या कॅमेरामन मंडळींना हे किती जड गेलं असेल याची मला कल्पना येते. मला स्वतःला अजून जड जातं. ‘फॉरमॅट?’ असा प्रश्न कॅमेऱ्याच्या पडद्यावर येतो तेव्हा ‘हो’ दाबणारं बोट क्षणभर थबकतंच.

आता कार्डं स्वस्त झाली आहेत. म्हणून लोकेशनवर मी कार्ड फॉरमॅट करतच नाही, हिशेब करून जास्तीची कार्डं नेते. भरलेल्या कार्डाची बारीक खिटी बंद करायची, त्यावर लाल चिकटपट्टी, रिकाम्यावर हिरवी, आणि भरलेली डबीपासून वेगळ्या पाकिटात. म्हणजे कार्ड स्वतःच तिसरी प्रत होतं. नव्या लोकांनी विचारलं तर मी सांगते, महागडी डबी घेण्याआधी चार कार्डं जास्त घ्या. आणि डबी घेतलीच तर तिला स्वतःचा पडदा आणि स्वतःचं बटण आहे ना ते बघा. फोनवरच्या ॲपशिवाय जी हलतच नाही ती डबी, ते ॲप बंद पडलं की निकामी होते, आणि ॲपचं आयुष्य आपल्या हातात नसतं. फोल्डर उचलताना कार्डावरचं सगळं जसंच्या तसं उचलायचं, त्यातल्या फक्त व्हिडिओ फाइली निवडून नाही, आणि आतली नावं बदलायची नाहीत, कारण कॅमेऱ्याने त्या फाइलींशी जोडलेली बाकीची माहिती त्या रचनेतच असते. ‘कट’ कधीच नाही, नेहमी ‘कॉपी’. चालत्या जीपमध्ये फिरती हार्ड डिस्क चालू ठेवायची नाही. तिच्या तबकडीवरून वाचणारं टोक काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असतं, आणि आपल्या रस्त्यांवरचा एक खड्डा त्याला पुरतो. एसएसडीला, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कला, धक्क्याचं भय नाही, पण ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकून ठेवायची वस्तू नाही. पावसाळ्यात सगळं झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. थंडगार पिशवीतून काढून चुलीच्या खोलीत लगेच उघडायचं नाही, बाष्प धरतं.

हे मी असं पटापटा सांगितलं खरं, पण यातली प्रत्येक गोष्ट करताना माझ्या मनात माणसं असतात. मला असं वाटतं की चित्रण करून घेतलेल्या माणसाशी आपलं नातं कॅमेरा बंद झाल्यावर सुरू होतं. कॅमेरा चालू असताना सगळेच नम्र असतात. आजींनी एका पहाटेचे दोन तास आमच्या भरवशावर दिले होते. गळ्याला माईक लावून घेताना त्यांनी पदर सारखा केला, खोकला आला तर तो दाबून ठेवला, जात्याच्या खुंट्यावर हात कुठे धरू म्हणून विचारलं. त्यांच्या लेखी त्यांनी एक काम चोख करून दिलं होतं. त्यानंतर ते उतरवून घेण्यात मी चालढकल केली तर ती त्यांच्याशी केलेली चालढकल आहे.

आणि जपून ठेवणाऱ्यांकडूनही वस्तू जातात, हे पुण्यात राहून मी कसं विसरणार? 1931 साली आलेल्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की तिला जळायला बाहेरचा प्राणवायूही लागत नाही, ती पाण्याखालीसुद्धा जळते. त्या साठ्यातलं जे आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून घेतलं होतं, ते राहिलं. बाकीचं राखेत गेलं. ज्या माणसांनी ते जमवलं त्यांच्या प्रेमात काही कमी नव्हतं. पण एका जागी ठेवलेलं एका रात्रीत जाऊ शकतं, आणि ‘पुण्याला आहे’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असा अर्थ आपण उगाच काढतो.

जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट यापेक्षा वेगळ्या वाटेने चालत आली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून ओव्या जमवायला सुरुवात केली, त्या एक लाखाच्या वर गेल्या. पुढे 1990 च्या दशकात बर्नार बेल यांच्यामुळे त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. आज ते सगळं ‘पारी’च्या, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाच्या संग्रहात आहे, 2017 पासून ते लोकांपुढे येतं आहे, आणि तिथली माणसं त्या गायिकांच्या गावी परत जाऊन त्यांना भेटतात, पुन्हा चित्रण करतात. मला यातलं परत जाणं फार महत्त्वाचं वाटतं. कारण या ओव्या मुळात टिकल्या त्या बायकांच्या स्थलांतरामुळे. लेक सासरी जाताना आईच्या ओव्या बरोबर घेऊन गेली, तिथल्या जात्यावर तिने त्या म्हटल्या, त्यात सासरच्या नद्या आणि देव आले, भावाचं नाव बदललं, एखादी ओळ गळली, एखादी नवी आली. तिच्या लेकीने त्या आणखी पुढच्या गावी नेल्या. माझ्या डबीच्या चेकसमने तपासलं तर यातली एकही प्रत पास होणार नाही. तरी आजींपर्यंत ती पोचली होती.

त्यामुळे वहिनींचा प्रश्न घेऊन मी पुण्यात परतले तेव्हा मनाशी पक्कं झालं होतं की एक प्रत त्यांच्या घरी ठेवायची. सोपं वाटलं. पेन ड्राइव्ह घ्यायचा, भरायचा, पाठवायचा. पण रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, बघायला बसले आणि थांबले. ओव्यांच्या मधे, नाचणीचं पीठ गोळा करताना, आजी बोलत होत्या. मुलगा रानात गेलेला, सून गोठ्यात, आणि कॅमेरा चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या बोलल्या. स्वतःच्या सासूबद्दल, तरुणपणीच्या एका वर्षाबद्दल, एका निर्णयाबद्दल जो त्यांचा नव्हता. काय ते मी इथे लिहिणार नाही. ओवीत बाई जे बोलते ते सगळ्यांसमोर म्हणून चालतं, कारण ते गाणं असतं. हे गाणं नव्हतं. ही प्रत घरात ठेवली तर ती टीव्हीला लागणार, ओटीवर सगळे बसणार, शेजारचे येणार. आजींची गोष्ट कुणाच्या घरात कुणाच्या समोर उघडावी हे ठरवणारी मी कोण? आणि ती पुण्यात माझ्या कपाटात ठेवावी हे तरी ठरवणारी मी कोण?

म्हणून पुढच्या खेपेला गेले तेव्हा आधी आजींना ते ऐकवलं. घरात नको म्हणाल्या, तेव्हा आम्ही दोघी गावाबाहेरच्या देवळाच्या पायरीवर बसलो. कानाला हेडफोन लावून त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं. डोळे मिटलेले, उजवा हात गुडघ्यावर, आणि त्या हाताची बोटं जात्याच्या लयीत हलत होती, मधल्या बोलण्याच्या वेळीसुद्धा. एका जागी त्यांनी हात वर केला, तिथे थांबवलं, परत मागे घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. ‘गाणी राहू दे घरात. बोललेलं तुझ्यापाशी ठेव.’ मी विचारलं, ‘पुसून टाकू का ते?’ त्या म्हणाल्या, ‘पुसू नको. झालंय ते झालंय. पण घरात नको.’ मी विचारलं, मी ते कुणाला दाखवू का. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि शेवटी म्हणाल्या, ‘मी गेल्यावर बघ काय ते.’ ही जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली तेव्हा मला अभिमान वाटला, आणि रात्री भीतीही वाटली. अजून वाटते. त्या क्लिपा आता वेगळ्या फोल्डरमध्ये, कुलूपबंद डिस्कवर आहेत, आणि त्या डिस्कचा पासवर्ड माझ्याशिवाय आणखी एका मैत्रिणीकडे आहे, कारण माझं काही बरंवाईट झालं तर आजींचा शब्द पाळणारं कुणीतरी हवं.

घरच्या प्रतीचंही काम वाटलं तेवढं सरळ नव्हतं. 4केच्या मूळ फाइली त्यांच्या टीव्हीवर लागत नाहीत. खेड्यातल्या बऱ्याच टीव्हींना फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह वाचता येतो, आणि त्या पद्धतीत एका फाइलला 4 जीबीची मर्यादा असते. त्यामुळे साधे 1080चे एमपी-फोर करून, एकेक ओवी वेगळी फाइल, फाइलीचं नाव मराठीत. टीव्हीच्या यादीत मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात असं कळलं, म्हणून नावाआधी आकडे घातले. मधलं बोलणं कापल्यामुळे जात्याची घरघर काही ठिकाणी अचानक तुटते. आवाजाच्या कामाची सवय असलेल्या मला ते खटकतं, पण मी ते मुद्दाम सांधलं नाही. जे काढलं आहे तिथे काही काढलं आहे, हे आजींना कळत राहावं.

आता मी कुठल्याही कामाच्या अंदाजपत्रकात हा खर्च आधीच धरते, आणि निर्मात्याने तो कापला तर भांडते. पेन ड्राइव्हचे पैसे कुणाला जड नसतात. जड असतो तो वेळ: परत जाणं, दाखवणं, विचारणं, माणसाने मागितलं तसं कापणं. काही लोक म्हणतात की रशेस कुणाला दाखवल्या तर माणसं ‘हे काढा, ते काढा’ म्हणत बसतात आणि फिल्म होत नाही. मला तसा अनुभव आलेला नाही. माणसं फार थोडं काढायला सांगतात, आणि जे सांगतात ते बहुधा आपणही त्यांच्या जागी असतो तर सांगितलं असतं. संशोधक, चॅनेलं, कॉलेजची मुलं, आम्ही सगळे वर्षानुवर्षं खेड्यांतून आवाज आणि चेहरे घेऊन शहरात येत आलो आहोत. आमच्या कपाटांत ते नीट लेबल लावून ठेवलेले असतात, तापमान बघून ठेवलेले असतात. आणि ज्या घरातून ते आले त्या घरात आजीचा एक फोटो असतो, तोही आधार कार्डावरचा.

वाडीतला पेन ड्राइव्ह फार टिकला नाही. भाच्याने त्यावर डीजेची गाणी भरायला तो फॉरमॅट केला. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांना फार ओशाळं झालं होतं. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही असं मी त्यांना मनापासून सांगितलं, दुसरी प्रत असते ती याचसाठी, आणि पुण्याहून पुन्हा भरून पाठवला. त्या म्हणाल्या, ‘एक महाडला पण पाठवाल का? नणंदबाई मागतायत.’ त्या पावसात ज्या बाळंतपणाच्या फोनची वाट बघत वहिनी उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या, ते नीट पार पडलं होतं. लेकीच्या बाळाला झोपवताना आपल्या आईच्या ओव्या लावता येतील असं नणंदबाईंचं म्हणणं होतं. मी तसा एक महाडला पाठवला. म्हणजे आता एक प्रत घाटाच्या वर आणि एक घाटाच्या खाली.

पंधरवड्याने नणंदबाईंचा व्हॉट्सॲपवर एक लांबलचक आवाजी निरोप आला. पेन ड्राइव्ह पोचला, सगळं लागतं, आई दिसली म्हणून रडायला आलं, हे सगळं सांगून झाल्यावर त्या जरा रागाने म्हणाल्या, ‘सातव्या नंबरची ओवी आईने चुकीची म्हटलीय. वयामुळे होतं तसं. तिची पहिली ओळ अशी नाही.’ आणि मग निरोपातच, मागे कुकरची शिट्टी आणि बाळाचं रडणं चालू असताना, त्यांनी ती ओवी त्यांना येते तशी, पूर्ण, दोनदा म्हटली. मी ती फाइल उतरवून घेतली, चेकसम काढला, आजींच्या सातव्या क्लिपच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि नाव दिलं ‘07_महाड’. पुढच्या वेळी वाडीला जाताना ती आजींना ऐकवायची आहे. त्यांना ती पटेल असं मला वाटत नाही.